मान दुखते, पण हात लावून तपासतं कोण?

गोवंडीत मान दुखणं हा आजार समजला जात नाही, तो कामाचा भाग समजला जातो. डोक्यावर पाण्याचा हंडा, पाठीवर भंगाराची गोणी, जरीच्या अड्ड्यावर दहा-दहा तास वाकलेली मान, चेंबूरच्या इमारतींत चार घरची धुणी-भांडी. असं काम करणाऱ्या बाईने "मान दुखते" म्हटलं की घरचे, शेजारी आणि गल्लीतला डॉक्टर एकच वाक्य बोलतात : "काम करतेस ना, मग दुखणारच."

हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. पण ज्या थोड्या वेळी ते खोटं ठरतं, त्या वेळी माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. ती थोडी वेळ कशी ओळखायची, आणि ती ओळखण्याची जबाबदारी कुणाची, हा या लेखाचा विषय आहे.

दोन माणसं, एकच दुखणं

बैंगनवाडीतल्या एका मावशींची मान दुखू लागली. वय पन्नाशीचं. पाच महिने त्यांनी गोळ्या खाल्ल्या, इंजेक्शनं घेतली, मालिश केली. एक्स-रे झाला, तो 'नॉर्मल' आला. "मणक्याची झीज आहे, वयाने होते," असं सांगून मलम दिलं गेलं. पुढे भाकरी थापताना हात नीट वळेना. मग चालता चालता पायातली चप्पल निसटू लागली आणि ते त्यांना कळेनासं झालं. आमच्यापर्यंत त्या आल्या तेव्हा आम्ही सहज विचारलं, "मावशी, आधी कधी मोठं आजारपण झालं होतं का?" त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि सांगितलं की चार वर्षांपूर्वी स्तनातली गाठ काढली होती. गाठ कॅन्सरची होती. मुलींची लग्नं व्हायची होती, म्हणून वस्तीत कुणाला कळू दिलं नव्हतं.

पाच महिन्यांत हा प्रश्न त्यांना एकाही माणसाने विचारला नव्हता. एमआरआयमध्ये दिसलं की तो कॅन्सर मानेच्या मणक्यात पोहोचला आहे आणि मज्जारज्जूवर दाब पडतो आहे. रेडिएशन दिलं, दुखणं कमी झालं. पायांतली गेलेली ताकद मात्र पूर्ण परतली नाही. आज त्या वॉकर धरून दारापर्यंत येतात.

दुसरा एक तरुण, वय चोवीस, भंगाराच्या गोदामात कामाला. मानदुखी, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेलं. तिसऱ्या आठवड्यात हाताची पकड ढिली झाली. त्याचं नशीब असं की ओपीडीतल्या एका शिकाऊ डॉक्टरताईंनी त्याला खुर्चीवर बसवलं, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, चालायला लावलं आणि केसपेपरवर 'तातडीने एमआरआय' असं लिहिलं. त्याच्या मानेत गाठ निघाली नाही, टीबी निघाला. सुईने नमुना घेऊन तपासला, औषधं सुरू झाली. आज तो चालतो आणि कामावर जातो.

दोन माणसांवरून शास्त्र ठरत नाही, हे आम्हालाही कळतं. दोघांचे रोग वेगळे, वयं वेगळी. पण ओपीडीच्या दारात दोघांचं दुखणं एकसारखंच दिसत होतं. एकाला वेळेवर कुणीतरी हात लावून तपासलं, दुसरीला नाही. आमचा मुद्दा इथून सुरू होतो.

प्रत्येक मानेला एमआरआय नको

आधी एक गोष्ट स्पष्ट करू, कारण आपल्या चळवळीत मागणी करताना आपण कधी कधी घाई करतो. "सगळ्यांना एमआरआय मिळालाच पाहिजे" ही घोषणा ऐकायला बरी वाटते, पण ती चुकीची आहे.

मानदुखी बहुतेक वेळा स्नायूंची आणि सांध्यांची असते आणि काही आठवड्यांत कमी होते. मणक्यातल्या गाठी विरळ आहेत. ज्या असतात त्यांतल्या बऱ्याच शरीरात दुसरीकडे झालेल्या कॅन्सरमधून येतात : स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, मूत्रपिंड, थायरॉईड. त्यासुद्धा मानेपेक्षा पाठीच्या मधल्या भागात जास्त आढळतात. म्हणजे नुसती मान दुखते एवढ्यावरून गाठीची भीती धरायचं कारण नाही.

शिवाय एमआरआय गरजेपेक्षा जास्त दाखवतो. जपानमध्ये १,२११ धडधाकट माणसांच्या मानेचे एमआरआय काढले गेले, ज्यांना कसलाच त्रास नव्हता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास ८८ टक्के लोकांच्या मानेत चकती फुगलेली दिसली. म्हणजे तुमच्या-आमच्यातल्या कुणालाही मशीनमध्ये झोपवलं तर रिपोर्टमध्ये काहीतरी निघणारच. मग तो रिपोर्ट हातात घेऊन गरीब माणूस घाबरतो, कर्ज काढतो, नको ती इंजेक्शनं घेतो. तपासणी केंद्राकडून कमिशन घेऊन एमआरआय लिहिण्याचा धंदाही या शहरात चालतो. आपली मागणी त्या धंद्याच्या पथ्यावर पडता कामा नये.

तेव्हा धोक्याची कुठलीच खूण नसेल तर साधे उपचार, व्यायाम आणि सहा आठवडे वाट पाहणं योग्य आहे. सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर पुन्हा नीट तपासणी करून घ्यायची. आपला लढा त्या माणसांसाठी आहे ज्यांच्या शरीरावर खुणा दिसतात आणि तरीही ज्यांना "दुखणारच" म्हणून परत पाठवलं जातं.

खुणा, आपल्या भाषेत

डॉक्टर यांना 'रेड फ्लॅग' म्हणतात. आपण त्या रोजच्या जगण्यातून ओळखायला शिकूया.

पहिली खूण रात्रीची. कामाने दुखणारी मान आडवं पडल्यावर सहसा हलकी होते. झोपल्यावरही जे दुखणं थांबत नाही, रात्री उठवून बसवतं आणि आठवड्यामागून आठवडे वाढतच जातं, त्याचा नीट शोध घ्यायला हवा.

दुसरी खूण मागच्या आयुष्याची. आधी कॅन्सर झाला होता का? अंगावर कुठे गाठ आहे का? वजन कारण नसताना उतरतंय का? संध्याकाळी ताप, रात्री घाम? स्वतःला किंवा घरात कुणाला टीबी झाला होता का? एचआयव्ही आहे का, स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू आहेत का? पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली चिवट मानदुखी जास्त लक्ष मागते. लहान मूल मान वाकडी धरत असेल किंवा डोकं हातांनी सावरून बसत असेल, तर ते नाटक करतंय असं समजू नका.

तिसरी खूण हातापायांची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. ब्लाउजचं हुक लावता येईना, सुईत दोरा ओवता येईना, तांदूळ निवडताना खडा चिमटीत येईना, ग्लास हातून सुटू लागला. पाय जड किंवा ताठ वाटतात, चालताना तोल जातो, चप्पल निसटते. मान पुढे वाकवली की पाठीतून वीज गेल्यासारखं होतं. याचा अर्थ मज्जारज्जूवर दाब पडत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी दुखणं कमी असलं तरी थांबायचं नाही.

चौथी खूण लघवी-शौचाची. लघवी अडते, नकळत होते किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा येतो. आपल्या बाया हे लाजेने सांगत नाहीत. त्यांना ताईंनीच बाजूला घेऊन विचारायला हवं. हातापायांतली ताकद झपाट्याने जात असेल किंवा ही चौथी खूण असेल, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं. उद्यावर ढकलायचं नाही.

आणखी एक. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणजे सुटका झाली असं नाही. हाडाचा बराच भाग, साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा, पोखरला जाईपर्यंत साध्या एक्स-रेवर काही न दिसण्याची शक्यता असते. मज्जारज्जू तर एक्स-रेवर दिसतच नाही. म्हणून खुणा असतील तर एमआरआयच लागतो. आणि अशा मानेला हाडवैद्याकडे किंवा केशकर्तनालयात 'कडकड' झटका द्यायला अजिबात नेऊ नये. पोखरलेल्या मणक्याला दिलेला झटका माणसाला अपंग करू शकतो.

गोवंडीत ही घाई जास्त का हवी

२००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या चोवीस वॉर्डांमध्ये एम पूर्व वॉर्ड तळाला होता. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आपल्या शेजारी आहे. एकमेकींना चिकटलेल्या पुनर्वसनाच्या इमारतींत ऊन आणि वारा शिरत नाही. अशा जागी टीबी घर करून राहतो, हे आपण वेगळं सांगायला नको. टीबी फक्त फुप्फुसात होतो ही मोठी गैरसमजूत आहे. हाडांच्या टीबीत निम्म्याच्या आसपास रुग्णांना तो मणक्यात झालेला असतो.

म्हणजे आपल्या वस्तीत मानेवर धोक्याच्या खुणा दिसल्या तर एका बाजूला गाठ आणि दुसऱ्या बाजूला टीबी, अशा दोन शक्यता उभ्या असतात. टीबी बहुधा दोन मणक्यांमधली चकती खातो, गाठ बहुधा चकती सोडून हाड धरते. हा फरक एमआरआय दाखवू शकतो, पण शेवटचा निकाल नमुना तपासूनच लागतो. म्हणून "इथे तर टीबीच असणार" असं ठरवून नमुना न घेता औषधं सुरू करणं धोक्याचं आहे. गाठ असेल तर मोलाचे महिने जातात. टीबी असेल आणि तो औषधांना दाद न देणारा असेल, तरीही महिने जातात. मुंबईत औषधांना न जुमानणारा टीबी किती आहे, हे या वॉर्डाइतकं कुणाला माहीत?

आणि वेळ का महत्त्वाची? मज्जारज्जूवर दाब आला असेल तर उपचार सुरू होतात त्या दिवशी जो माणूस चालत असतो, तो पुढेही चालत राहण्याची शक्यता चांगली असते. ज्याचे पाय त्याआधीच गेलेले असतात, त्याचे परत येणं कठीण असतं. ब्रिटनमधल्या 'नाइस' या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक सूचना म्हणून स्पष्ट सांगतात : कॅन्सरच्या रुग्णात मज्जारज्जू दबल्याची लक्षणं दिसली तर एमआरआय २४ तासांच्या आत, आणि नुसतं संशयास्पद दुखणं असेल तर आठवड्याच्या आत. आपल्याकडे सार्वजनिक रुग्णालयात एमआरआयची तारीख कशी मिळते, हे ज्याने रांग लावली आहे त्याला ठाऊक आहे.

"रोगाला जात नसते"

हे वाक्य आम्हाला अनेकदा ऐकवलं जातं. मान्य आहे. गाठ जात विचारून येत नाही. पण ती किती उशिरा सापडेल, हे मात्र माणसाचं काम, वस्ती आणि पत ठरवतात. आणि आपल्या देशात काम कुणी कोणतं करायचं हे कशाने ठरत आलं, ते समाजशास्त्राच्या पुस्तकाआधी आपल्या आजी-आजोबांनी आपल्याला शिकवलं आहे.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये १९२९ सालची काठेवाडातली एक घटना दिली आहे. एका अस्पृश्य शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. तिला वस्तीबाहेर आणल्यावर त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं, त्याने ते नवऱ्याच्या हातात दिलं, नवऱ्याने बायकोला लावलं आणि ते त्याच वाटेने परत गेलं. डॉक्टरने तिला हात न लावताच न्यूमोनिया असल्याचं सांगितलं. ती बाई वाचली नाही.

आजचा डॉक्टर असं करत नाही, आणि तसं आम्ही म्हणतही नाही. सार्वजनिक ओपीडीत एका टेबलासमोर शंभर माणसं उभी असतात, डॉक्टरला पाणी प्यायला वेळ नसतो. आमचं भांडण त्या थकलेल्या डॉक्टरशी नाही. पण परिणाम पाहा. मानेच्या दुखण्यात मज्जारज्जू दबला आहे का हे कळायला आधी मशीन लागत नाही. हाताची पकड पाहणं, हातोडीने प्रतिक्षिप्त क्रिया पाहणं, टाचणीने स्पर्श पाहणं आणि माणसाला दहा पावलं चालवणं, एवढं लागतं. दहा मिनिटांचं आणि फुकटचं काम. ते करायला रुग्णाला हात लावावा लागतो. आमच्या मावशींना पाच महिन्यांत पाच-सहा ठिकाणी चिठ्ठी मिळाली, स्पर्श एकाही ठिकाणी मिळाला नाही. तेव्हा विटाळ आडवा आला होता, आज गर्दी आणि "हे लोक दुखणारच" ही समजूत आडवी येते. कारण बदललं, पण हात आजही लांबच राहिला.

आणि कष्टकऱ्याच्या आजारपणाचा विचार करायला आपल्याला उसनी दृष्टी आणायची गरज नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना १९४३ साली बी. पी. आडारकरांकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सोपवला गेला. १९४४ ला अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. पण तो कायदा मालक आणि हजेरीपट असलेल्यांपुरताच होता. कचरा वेचणारी बाई, घरकामगार, जरीच्या अड्ड्यावर नगावर काम करणारा पोरगा, यांचा मालक कागदावर कुणीच नाही. म्हणून त्यांच्या मानेची जबाबदारीही कुणावर नाही.

आपण काय करायचं

कुणी म्हणेल, हा डॉक्टरांचा विषय, कार्यकर्त्यांनी यात कशाला पडावं? रोगाचं निदान डॉक्टरच करतील. पण प्रश्न विचारणं, सोबत जाणं आणि पाठपुरावा करणं ही आपली कामं आहेत, आणि ती आपण रेशनसाठी, ॲडमिशनसाठी, जातीच्या दाखल्यासाठी करतच आलो आहोत.

एक : वस्तीतल्या प्रत्येक विहारात, अभ्यासिकेत या चार खुणा मोठ्या अक्षरांत लावा. महिला मंडळाच्या बैठकीत त्यावर बोला. कॅन्सर आणि टीबी लपवण्याची लाज आपणच मोडली पाहिजे. मावशींनी चार वर्षांपूर्वीची गाठ लपवली ती आपल्याच नजरांना भिऊन.

दोन : रुग्णासोबत जाताना एका कागदावर लिहून न्या. कधीपासून दुखतं, रात्री काय होतं, हातापायांत काय बदललं, जुने आजार कोणते. घाईत असलेल्या डॉक्टरलाही हा कागद उपयोगी पडतो. मग नम्रपणे, पण स्पष्ट विचारा : "डॉक्टर, हातापायांची ताकद आणि रिफ्लेक्स तपासून केसपेपरवर लिहाल का? एमआरआय आत्ता नको असेल तर का नको, तेही लिहाल का?" लिहिलेलं मागणं हा उद्धटपणा नाही.

तीन : पैशाचा मार्ग आधीच माहीत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही दाखल रुग्णाच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहे. बाहेरच्या बाहेर काढलेला एमआरआय बहुधा खिशातूनच भरावा लागतो. म्हणून खुणा असतील तर दाखल करून तपासणी करण्याबद्दल विचारा, आणि रेशनकार्ड-आधार घरी विसरू नका. धर्मादाय रुग्णालयांना विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला भेटा, हक्काने भेटा.

चार : मशीनची भीती काढा. २०१८ च्या जानेवारीत नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण नातेवाईक मशीनकडे खेचला जाऊन मरण पावला. ती बातमी वस्तीत अजून सांगितली जाते. एमआरआयमध्ये मोठं चुंबक असतं. रुग्णाने आणि नातेवाइकाने कुठलीही धातूची वस्तू आत न्यायची नाही, आणि अंगात पेसमेकर, सळई किंवा क्लिप असेल तर आधी सांगायचं. हा नियम पाळला तर ही तपासणी सुरक्षित आहे, तिच्यात एक्स-रेची किरणंही नसतात.

पाच : महापालिकेकडे एकच नेमकी मागणी लावून धरा. हातापायांची ताकद जाते आहे असं डॉक्टरने लिहिलेल्या रुग्णाचा एमआरआय २४ तासांत झालाच पाहिजे, आणि प्रत्येक रुग्णालयाने एमआरआयची प्रतीक्षा यादी किती दिवसांची आहे ते दर्शनी भागात लावलं पाहिजे. ही मागणी मोजता येते, म्हणून ती टाळता येणं अवघड आहे.

तथागतांनी आपल्याच मळात पडून राहिलेल्या आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हाताने धुऊन काढलं होतं, ही कथा आपण दर पौर्णिमेला ऐकतो. पुढच्या पौर्णिमेला विहारात ती ऐकून झाली की शेजारी बसलेल्या मावशीला एवढंच विचारा : "मावशी, मान दुखते म्हणालात. रात्री झोप लागते का? हुक लावता येतं का?" उत्तर 'नाही' आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासोबत रांगेत उभे राहा.

जय भीम!